तारेची वीज नसलेल्या जंगलातल्या घरी चार निवांत दिवस: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

थंडी सुरू झाली की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "ते किनवटकडच्या रानातल्या घरी तुम्ही जाता ना, आम्हाला जमेल का हो?" जमतं. लेकरं असली तरी जमतं, सोबत म्हातारी माणसं असली तरी जमतं. फक्त हॉटेलात जाताना बॅग भरली की निघता येतं, तसं इथं नाही. घरापर्यंत महावितरणचा खांब आलेला नसतो, नळ नसतो, मोबाइलला रेंज नसते आणि काडेपेटी संपली तरी गावात जावं लागतं. उजेड, पाणी, शिधा आणि दवाखाना या चार गोष्टींची सोय घरून निघायच्या आधी लावलीत, तर तिथं पोचल्यावर खरोखरच काही करावं लागत नाही. काही न करण्यासाठीच तर जायचं आहे.

मराठवाडा म्हटलं की लोकांना दुष्काळ आणि कापूस-सोयाबीनची रानं आठवतात. पण नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला किनवट-माहूरच्या डोंगरांत सागाचं चांगलं दाट जंगल आहे. कन्नडच्या डोंगरात गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, धाराशिव जिल्ह्यात येडशीचा रामलिंग घाट आहे. ही सगळी उष्ण कटिबंधातली पानगळीची जंगलं: साग, ऐन, धावडा, पळस, मोह, तेंदू, सालई. इथली घरं बहुतेक रानाच्या कडेला, मालकाच्या स्वतःच्या शेतात असतात. छतावर सोलर, अंगणात विहीर किंवा बोअर, पुढं ओसरी, मागं चूल. पुढचं सगळं किनवट-माहूरकडचं घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, पण कन्नड किंवा येडशीकडं जाणार असाल तरी उपयोगी पडेल.

१. आधी महिना ठरवा, मग घर

दसरा झाल्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ धरा. त्यातही नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. ऑक्टोबरात ओढे वाहते असतात, रान हिरवं असतं, पण डासही भरपूर असतात आणि दुपारचं ऊन चांगलंच लागतं. डिसेंबरात पहाटे कडाक्याची थंडी पडते. घराला इन्सुलेशन वगैरे नसतं, कौलातून वारा येतो, तेव्हा वाकळ आणि स्वेटर घेऊनच जा.

फेब्रुवारीनंतर सागाची पानं गळतात आणि रान उघडं पडतं. मार्चमध्ये पळस फुलतो, त्याच्यामागोमाग मोह. दिसायला फार सुंदर काळ, पण पहिल्या खेपेला टाळा. वणव्याचे दिवस तेच, आणि मोहाची फुलं खायला अस्वलं पहाटे झाडाखाली येतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढं जातो. कूलरही चालणार नाही अशा घरात लेकरांना आणि म्हाताऱ्यांना नेऊ नका. पावसाळ्यात पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा जोरात असतो म्हणून बरेचजण तेव्हाच बेत आखतात. धबधबा बघून यायला हरकत नाही, पण मुक्कामाला तो काळ अवघड: ढगांमुळं सोलर अर्धवट भरतं, वाट चिखलात जाते आणि साप उंचवट्याच्या कोरड्या जागी, म्हणजे घराकडं येतात.

कॅलेंडरमध्ये आणखी दोन गोष्टी बघा. नवरात्र आणि दत्तजयंती या दिवसांत माहूरला प्रचंड गर्दी असते. रस्ता, पेट्रोल पंप, खानावळी सगळीकडं रांगा लागतात. आणि शक्य असेल तर अमावास्येच्या आसपासचे दिवस घ्या. का ते पुढं सांगते.

मुक्काम किमान तीन रात्रींचा ठेवा. पहिल्या रात्री नव्या आवाजांनी झोप लागत नाही, दुसऱ्या दिवशी शहरातली घाई अंगातून उतरायला लागते, खरा आराम तिसऱ्या दिवशी मिळतो. शनिवार-रविवारात उरकायची ही सुट्टी नाही.

२. घरमालकाला फोनवर नीट विचारा

फोटो बघून घर ठरवू नका. जवळजवळ सगळे फोटो ऑगस्ट-सप्टेंबरात काढलेले असतात. फोनवर हे विचारा, आणि ठरलेलं व्हॉट्सॲपवर लिहून मागवा.

सोलर केवढं आहे? "सोलर आहे" या उत्तराचा अर्थ कधी अख्ख्या घराचं कनेक्शन असा असतो, तर कधी एक कंदील. पॅनल किती वॅटचं, बॅटरी किती अँपिअरची, पंखे जुने की बीएलडीसी (कमी विजेवर चालणारे नवे), हे तिन्ही विचारा. पॅनलवर झाडाची सावली पडते का हेही विचारा. झाडीतल्या घराला ही अडचण हमखास असते: एका कोपऱ्यावर सावली आली तरी अख्ख्या पॅनलची वीज बरीच घटते.

पाणी कुठून येतं आणि जानेवारीत असतं का? मोटर सोलरवर चालते, डिझेलवर, की हातपंप आहे? टाकी किती लिटरची?

संडास घराला लागून आहे की अंगणापलीकडं? म्हातारं माणूस किंवा लहान लेकरू सोबत असेल तर याच उत्तरावर घर घ्यायचं की नाही ते ठरवा. रात्री अंधारात पन्नास पावलं चालणं त्यांना झेपत नाही.

डांबरी रस्ता कुठं संपतो? शेवटचे दोन-तीन किलोमीटर कच्चे असतातच. ती वाट मुरमाची असेल तर प्रश्न नाही. काळ्या मातीची असेल आणि अवकाळी पावसाची एक सर आली, तर गाडी जागेवर रुतते. अशा वाटेला ढग दिसताच गाडी डांबरीवर आणून कुणाच्या तरी अंगणात लावायची, हे आधीच ठरवून ठेवा.

राखणदार रात्री तिथंच राहतो का? राहत असेल तरच पहिल्यांदा जा. त्याला वाट, विहीर, साप, शेजारी सगळं माहीत असतं.

मोबाइलला रेंज कुठं येते? "टेकडीवर येते" म्हणाले तर ती टेकडी किती लांब आहे, तेही विचारा.

३. कागदपत्रं आणि परवानग्या

खाजगी शेतातल्या घरी राहायला वनविभागाची परवानगी लागत नाही. पण घराच्या कुंपणापलीकडं राखीव जंगल असेल तर तिथं वाट्टेल तसं फिरता येत नाही, आणि अभयारण्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. गौताळ्याला १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर, आणि हद्द शेतांना लागून वेडीवाकडी जाते. नवख्या माणसाला ती ओळखू येत नाही, म्हणून फिरायला राखणदाराला सोबत घ्या. अभयारण्याच्या आतच राहायचं असेल तर वनविश्रामगृहाचं आरक्षण वनविभागाकडून करावं लागतं. आत खोली देतो म्हणून कुणी खाजगीत पैसे मागत असेल तर देऊ नका.

सोबत ठेवायचे कागद:

- सगळ्यांची आधार कार्डं, आणि त्यांच्या झेरॉक्स. ऑनलाइन दाखवू म्हणाल तर तिथं नेट नसतं.
- गाडीचं आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स. किनवटच्या पुढं तेलंगणाची हद्द जवळ आहे. चुकून पलीकडं गेलात तर कागद पूर्ण हवेत.
- घराच्या बुकिंगचा मेसेज कागदावर छापून, त्यावर मालकाचा आणि राखणदाराचा नंबर.
- मालकाकडं कृषी पर्यटन केंद्राचं नोंदणी प्रमाणपत्र असेल तर त्याचा फोटो मागून घ्या.
- घरातल्या आजारी माणसाची औषधाची चिठ्ठी, रक्तगट, कशाची ॲलर्जी असेल तर तेही लिहून.
- रोख रक्कम, सुट्ट्या नोटांत. रेंज नसल्यानं यूपीआय चालत नाही, ही गोष्ट बहुतेकांना तिथं गेल्यावर कळते.

४. विजेचा हिशेब घरीच करा

यात थोडं गणित आहे, पण ते एकदा डोक्यात बसलं की चारही रात्री उजेड राहतो.

समजा घरात १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी आहे. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास. पण आपल्याकडच्या इन्व्हर्टरला असते तसली लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवू नये, लवकर खराब होते. म्हणजे एका रात्रीसाठी तुमच्या हातात ९०० वॅट-तास. आता खर्च मांडा. ९ वॅटचे चार एलईडी बल्ब पाच तास: १८०. चार मोबाइल: साधारण ६०. ३० वॅटचे दोन बीएलडीसी पंखे आठ तास: ४८०. बेरीज ७२०, भागलं. पण पंखे जुने, ७५ वॅटचे असतील तर नुसत्या दोन पंख्यांनाच आठ तासांत १२०० लागतात आणि पहाटे तीनला सगळं बंद पडतं. म्हणूनच पंखे कुठले ते आधी विचारायचं. डिसेंबर-जानेवारीत पंखा लागतच नाही, तेव्हा तुम्ही श्रीमंत.

आता दुसरी बाजू. ३०० वॅटच्या पॅनलवर स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण चार-पाच तास पूर्ण ताकदीचं ऊन धरता येतं. वाटेतली गळती वजा जाता हजाराच्या आसपास वॅट-तास बॅटरीत पडतात. दिवस ढगाळ गेला तर त्याच्या निम्मेही नाहीत. त्या रात्री ओसरीवरचा एक दिवा ठेवा, बाकी बंद करा.

काय न्यायचं नाही तेही ऐका: इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, हेअर ड्रायर, पाणी तापवायचा रॉड, इंडक्शन शेगडी. हजार-दीड हजार वॅटची ही यंत्रं लावली की इन्व्हर्टर ट्रिप होतो, कधी जळतोही. मिक्सर चालेल असं मालक म्हणाला तरी दुपारच्या उन्हातच चालवा. मोबाइल आणि टॉर्चही दुपारी चार्ज करा, म्हणजे रात्रीची बॅटरी शाबूत राहते.

सोबत न्यायचं: माणशी एक टॉर्च (एक तरी डोक्याला बांधायची), जास्तीचे सेल, दोन पॉवर बँका घरून पूर्ण भरून, मेणबत्त्या, काडेपेट्या प्लॅस्टिकच्या डब्यात. आणि एक रॉकेलचा कंदील कुणाकडं असेल तर जरूर मागून न्या; ओसरीवर त्याच्यासारखा उजेड नाही.

५. पाणी

टाकी १००० लिटरची असेल आणि तुम्ही पाचजण असाल, तर माणशी ५० लिटरप्रमाणं चार दिवस निघतात, मोटर न लावता. पन्नास लिटरमध्ये एक बादलीभर आंघोळ, संडास, तोंड-हात आणि वाट्याची भांडी होतात. शॉवर असेल तर त्याला हात लावू नका. मराठवाड्यातल्या माणसाला पाणी जपून वापरायला शिकवावं लागत नाही, पण पुण्या-मुंबईहून भाचरं आली असतील तर त्यांना पहिल्याच दिवशी टाकी उघडून दाखवा.

पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी वेगळं धरा: माणशी दिवसाला चार लिटर. पाच माणसं, चार दिवस, म्हणजे २० लिटरचे चार जार. गाडीत मावत असतील तर किनवटला भरून न्या. नसतील तर विहिरीचं पाणी फडक्यानं गाळा, गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्या आणि मग चांगलं खळखळ उकळा. क्लोरीनच्या गोळ्या औषधाच्या दुकानात मिळतात. वेष्टनावर लिहिलंय तेवढ्याच टाका आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळीचा उपयोग होत नाही, म्हणून आधी निवळणं. ओढ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी तसंच पिऊ नका, वर कुठं तरी गुरं उतरलेली असतात.

आंघोळीचं पाणी चुलीवरच्या हंड्यात तापवतात. सकाळी नऊनंतर, ऊन अंगणात आल्यावर आंघोळ करा.

६. शिधा: फ्रिज नाही, हे धरून

इथं आपल्या मराठवाड्याच्या स्वयंपाकाचा फार उपयोग होतो. आपल्या आज्यांनी प्रवासासाठी आणि उन्हाळ्यासाठी जे जे करून ठेवलं, ते सगळं फ्रिजशिवाय टिकणारं आहे. येसर नक्की न्या. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ फोडणीच्या उकळत्या पाण्यात कालवलं की दहा मिनिटांत आमटी होते, भाकर कुस्करून खाल्ली की जेवण झालं. सोबत सांडगे, खारवड्या, शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, मेतकूट, लोणचं. पहिल्या दिवसासाठी धपाटे आणि दशम्या करून न्या, म्हणजे पोचल्या पोचल्या चूल पेटवायची घाई नाही. ज्वारीचं पीठ, तूरडाळ, तांदूळ, पोहे, गूळ, चहा, दुधाची पावडर. भाज्यांत कांदे, बटाटे, भोपळा, शेवगा, कोबी असे न सडणारे. पालेभाजी आणि दूध शेजारच्या वस्तीवरून राखणदार आणून देतो, त्याचे पैसे रोज द्या.

मटण-चिकन न्यायचंच असेल तर पहिल्याच जेवणाला संपवा. उरलेलं रात्रभर ओट्यावर ठेवलं तर मांजरापासून रानडुकरापर्यंत सगळ्यांना वास जातो.

गॅस नसेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर सोबत न्या. चुलीचं सरपण राखणदार देतो. तुम्ही रानातून लाकूड तोडून आणू नका.

थंडीबद्दल एक कळकळीची सूचना आहे. गार वाटतं म्हणून कोळशाची शेगडी किंवा पेटती घमेली बंद खोलीत घेऊन झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, धूर नसतो, आणि झोपेतच माणूस जातो. शेकोटी अंगणात, झोपायच्या आधी पाणी ओतून पूर्ण विझवायची.

७. पोचायचा दिवस

नांदेडहून किनवटला गाडीनं चार तास धरून चला. रेल्वेनंही जाता येतं. नांदेड-आदिलाबाद मार्गावर किनवट स्टेशन आहे, पुढं मालकाला जीप पाठवायला सांगायची. काहीही करा, दुपारी तीनच्या आत घरी पोचा. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराच्या कुशीत त्याच्याही आधी अंधारतं.

किनवटला पेट्रोल भरा, रोख काढा, ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. घरच्यांना सांगा: रोज संध्याकाळी अमुक वाजता टेकडीवरून एक मेसेज येईल, एखादा दिवस नाही आला तर घाबरू नका, सलग दोन दिवस नाही आला तर राखणदाराच्या गावातल्या या नंबरवर फोन करा. एवढं सांगितलं की त्यांच्याही जिवाला घोर नाही आणि तुम्हालाही दर तासाला रेंज शोधत हिंडावं लागत नाही.

पोचल्यावर उजेड आहे तोवर घर बघून घ्या. बटणं कुठं, टाकीचा कॉक कुठं, संडासाची वाट कुठली. गाडी तोंड बाहेर करून लावा आणि किल्ली सगळ्यांना माहीत असलेल्या एका खिळ्याला टांगा. रात्री निघायची वेळ आलीच तर शोधाशोध नको.

८. साप, विंचू आणि बाकीचे

सगळ्यांना भीती याचीच असते, म्हणून सविस्तर सांगते. आपल्याकडं माणसाच्या जिवावर बेतणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. सरकारी दवाखान्यात मिळणारी प्रतिसर्पविषाची लस या चौघांवरही चालते. म्हणजे साप ओळखण्यात, मारण्यात किंवा पकडून नेण्यात वेळ घालवायची गरज नाही. त्या लशीपर्यंत लवकर पोचायचं, एवढंच काम.

निघायच्या आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात फोन करून विचारा: लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का? किनवटजवळ गोकुंद्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. घरापासून तिथपर्यंत रात्री किती वेळ लागेल, हे राखणदाराकडून काढून घ्या आणि कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. १०८ ची रुग्णवाहिका आहेच, पण रेंज नसेल तर तिला बोलवणार कसं? म्हणून स्वतःची गाडी तयार हवी.

साप चावलाच तर: माणसाला धीर द्या, चालू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका, मांत्रिकाकडं थांबू नका. मण्यारीचं एक लक्षात ठेवा: ती रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावलेलं फारसं दुखत नाही. पहाटे कुणाचं पोट दुखायला लागलं, पापण्या जड पडल्या, गिळायला त्रास झाला, तर अपचन म्हणून ओवा देत बसू नका, गाडी काढा.

टाळणं त्याहून सोपं आहे. जमिनीवर कुणीही झोपायचं नाही. बाजेवर किंवा पलंगावर झोपा, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचा. डास, मण्यार, विंचू, तिघांवरही हा एकच उपाय. बूट सकाळी झटकून घाला. सरपण आधी काठीनं हलवा, मग हात घाला. अंधारात टॉर्चशिवाय अंगणातही उतरायचं नाही.

विंचू चावला तर वेदना होतातच, पण दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं असं काही दिसलं तर थेट दवाखाना, विशेषतः लेकरांच्या बाबतीत. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध किती उपयोगी पडतं, हे दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. पूर्वी जिथं माणसं दगावत, तिथं आता वेळेत पोचलं तर वाचतात. गोळी मात्र डॉक्टरच देतील, आपण द्यायची नाही.

बाकीचं थोडक्यात. आग्या मोहोळ दिसलं तर त्याच्याखाली धूर करू नका, अत्तर-परफ्युम लावून जाऊ नका. थंडीत खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतात. त्यांची कुसं अंगाला लागली तर चोळू नका, चिकटपट्टीनं उपटा आणि मग धुवा. लाल-काळ्या गुंजा लेकरं हौसेनं गोळा करतात, पण त्या फार विषारी असतात, फोडून किंवा चावून पोटात गेल्या तर जिवाला धोका. तोंडात घालू देऊ नका. बिबट्याचा वावर या सगळ्या रानांत आहे, म्हणून दिवेलागणीनंतर लहान लेकरू एकटं अंगणात नको. वन्यप्राण्यांची काही अडचण आली तर वनविभागाचा १९२६ हा नंबर आहे.

प्रथमोपचाराच्या डब्यात ओआरएस, तापाची गोळी, ॲलर्जीची गोळी, जंतुनाशक, बँडेज, चिकटपट्टी, डासांचं मलम आणि रोजची औषधं दोन दिवस जास्तीची ठेवा.

९. दिवस रिकामा ठेवा

इतकी तयारी केली ती याच्यासाठी. आणि इथंच लोक घोळ घालतात: एक दिवस माहूर, एक दिवस उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे, एक दिवस सहस्रकुंड. दर्शन हवंच असेल तर येताना किंवा जाताना करा. मधले दिवस गाडी हलवू नका.

सकाळी ऊन यायच्या आधी उठा. चुलीवर चहा ठेवा आणि ओसरीवर बसा. दयाळ, कोतवाल, सातभाई आधी बोलायला लागतात. आठ-नऊपर्यंत राखणदाराबरोबर ओढ्याच्या काठानं एक फेरी मारा; ओल्या मातीत रात्री कोण येऊन गेलं त्याचे ठसे तो दाखवतो. वाघ दिसेल म्हणून जाऊ नका. नीलगाय, मोर, रानडुक्कर, माकडं बऱ्याचदा दिसतात, आणि काही दिसलं नाही तरी ती फेरी सकाळ भरून काढते.

दुपारी बाज झाडाखाली ओढा आणि पडा. वाचा, झोपा, शेंगा भाजून खा. मोबाइल एका डब्यात घालून ठेवा, संध्याकाळच्या मेसेजपुरता काढा. लेकरं पहिल्या दुपारी "काय करू" म्हणून मागं लागतील. त्यांना काही आखून देऊ नका. पत्ते, भोवरा, एक भिंग एवढं ठेवा. दुसऱ्या दिवसापासून मुंग्यांची रांग आणि वाळवीचं वारूळ त्यांना पुरतं. मोठ्यांना उलट जास्त वेळ लागतो. हात सारखा खिशाकडं जातो, काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं. ते जाऊ द्यावं, आपोआप ओसरतं.

रात्री अमावास्येच्या आसपास अंगणातले सगळे दिवे मालवा आणि दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. डिसेंबर-जानेवारीत कृत्तिकांचा झुबका, रोहिणी, मृग आणि त्याच्यामागं झगझगीत व्याध असं सगळं एका बाजूला उभं राहतं. दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीच्या दिशेनं उल्का पडताना दिसतात. तारीख जुळली आणि चांदणं नसेल तर वाकळ घेऊन बाहेरच पडून राहा, बाजेवर. लातूर-नांदेडच्या गच्चीवरून हे आकाश दिसत नाही.

आवाजांची एक गंमत आधीच सांगून ठेवते, म्हणजे पहिली रात्र सोपी जाईल. सागाचं वाळकं पान परातीएवढं मोठं आणि कडक असतं. त्याच्यावरून उंदीर गेला तरी मोठं जनावर चालल्यासारखं वाटतं. चिर्र-चिर्र ओरडतो तो पिंगळा, एका लयीत चक-चक-चक करतो तो रातवा, लांबून कोल्हेकुई येते. काही कळलं नाही तर सकाळी राखणदाराला नक्कल करून दाखवा, तो नाव सांगतो.

१०. शेजारची माणसं

रानाच्या आसपास गोंडांचे गुडे, कोलामांचे पोड आणि बंजाऱ्यांचे तांडे असतात. वस्तीत जायचं तर राखणदाराबरोबर जा, आधी विचारून. दिवाळीच्या दिवसांत गोंड वस्त्यांवर दंडारीचे नाच असतात, मोरपिसांचे मोठे टोप घातलेले घुसाडी नाचतात. तो त्यांच्या देवाचा सोहळा आहे. बोलावलं तर जरूर जा, मागं बसा, मोबाइल पुढं नाचवू नका. म्हाताऱ्या बायाबापड्यांना मावशी, आजी, मामा म्हणून बोला. लेकरांना चॉकलेट वाटत सुटू नका. काही द्यावंसं वाटलं तर वह्या-पेन्सिली तिथल्या शाळेच्या गुरुजींकडं द्या. मध, चारोळी, डिंक विकायला कुणी आणलं तर घासाघीस न करता घ्या.

स्पीकर नेऊ नका. रानात आवाज फार लांब जातो, आणि तिथं राहणाऱ्या माणसांनी काही तुम्हाला बोलावलेलं नसतं.

११. निघताना

आदल्या दुपारीच आवराआवर करा. प्लॅस्टिक, सेल, औषधांची पाकिटं, डायपर, सॅनिटरी पॅड, सगळा कचरा दोन मोठ्या पिशव्यांत भरून परत न्या आणि शहरातल्या घंटागाडीत टाका. तिथं पुरू नका, जाळू नका. पुरलेलं डुकरं उकरतात. ओला कचरा खड्ड्यात चालतो. शेकोटीची राख हातानं चाचपून गार झाल्याची खात्री करा, फेब्रुवारीत तर दोनदा.

इन्व्हर्टर बंद करायचा की चालू ठेवायचा ते राखणदाराला विचारा. गळका कॉक, फाटलेली जाळी, मंद पडलेली बॅटरी, जे दिसलं ते मालकाला लिहून कळवा, पुढच्या पाहुण्यांची सोय होते. राखणदाराचे पैसे त्याच्याच हातात रोख द्या, मालकाकडं नको. उरलेला शिधा त्याच्या घरी चालेल का विचारा. आणि थंडी आवडली असेल तर पुढच्या वर्षीची तारीख तिथंच ओसरीवर बसून सांगून टाका; डिसेंबरातली चांगली घरं दिवाळीच्या आधीच भरतात.